हसऱ्या गिऱ्हाइकांचं पान

कुलूपकाकांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. रस्त्यात कुणी हात हलवला की ते भलतंच गोड हसायचे, "काय, बरं चाललंय ना?" असं विचारायचे, आणि चार पावलं पुढे गेल्यावर काकूंकडे वळून म्हणायचे, "कोण गं हा?" काकू म्हणायच्या, "माझा सख्खा भाऊ. लग्नात तुमचा कान पिळला होता तो." पण त्याच भावाने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांच्या हातावर ठेवला, तर काका बोटांनी चाचपून सांगत, "मागच्या दाराचं कुलूप जड झालंय तुमचं. किल्ली वाकायला लागलीय. तेल घाला." चेहऱ्यांवर त्यांचा विश्वासच नव्हता. चेहरा रोज बदलतो, किल्लीच्या खाचा नाही बदलत, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. दुकान म्हणजे भिंतीत रुतलेलं एक मोठं कपाटच. आत काका बसले की दुसऱ्याला उभं राहायचं असेल तर पोट आत घ्यावं लागे. समोर लोखंडी पकड, तिच्यात धरलेली कोरी किल्ली, हातात कानस, आणि ओठांतून सतत बाहेर पडणारी एक शीळ, जिला चाल अशी नव्हतीच. कुलपं बसवण्यात आणि किल्ल्या घासण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. त्यांच्या बोटांना कायम पितळेचा वास यायचा. लहानपणी मुलगा त्यांच्या हातून बिस्किट घ्यायचा नाही.

धंद्याची एक रीत त्यांनी स्वतःच घालून घेतली होती आणि ती मोडलेली कुणी पाहिली नाही. नवं कुलूप बसवलं की किल्ल्यांचं बंद पाकीट काका स्वतः फोडत नसत. किल्लीला हातसुद्धा लावत नसत. पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, त्यानेच फोडायचं, त्यानेच किल्ली पहिल्यांदा फिरवायची. "आतली किल्ली मी बघितलीसुद्धा नाही," असं म्हणून ते खरोखरच तोंड फिरवून उभे राहत. कुलूप 'खट्' करून उघडलं की गिऱ्हाईक हसायचं. हे हसू मात्र काकांना लक्षात राहायचं.

तसं कुलूपवाल्याचं कौतुक कोण करतं? शिंप्याला लोक म्हणतात, शर्ट काय बसलाय! न्हाव्याला आरशातून मान डोलावून दाद मिळते. कुलूप नीट चालतंय तोवर ते बसवणारा माणूस जगात आहे की नाही, याची कुणी चौकशीही करत नाही. चालेनासं झालं की मात्र भर पावसात दारात उभं राहून त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली जाते. काकांना याचं वाईट वाटत नसे, पण कौतुकाची भूक कुणाला नसते? ती त्यांनी दाबून ठेवली होती इतकंच. त्यांची सून घरात आली तेव्हा ती भूक उघड्यावर आली.

सूनबाई कामाची मुलगी. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी, आणि ही घरी बसून लोकांच्या वेबसाइटी तयार करायची. दुकानातली गर्दी पातळ होत चाललेली तिने पाहिली आणि एक दिवस चहाच्या कपाबरोबर सासऱ्यांसमोर लॅपटॉप ठेवला.

"बाबा, आता लोक दुकान बघून येत नाहीत. दुसऱ्या लोकांनी तुमच्याबद्दल काय म्हटलंय ते वाचून येतात."

"माझ्याबद्दल कोण काय म्हणणार?"

"म्हणायला लावायचं," काकू आतून ओरडल्या. "मी इतकी वर्षं म्हणतेच आहे, ते टाका."

"आईंचे अभिप्राय नकोत," सूनबाई म्हणाली, "धंदा बसेल."

तर अशी ती वेबसाइट झाली. तिच्यावर एक पान खास गिऱ्हाइकांचं. सूनबाई काकांबरोबर कामाच्या जागी जायची, आणि कुलूप पहिल्यांदा उघडून गिऱ्हाईक हसलं की त्याच क्षणी फोटो काढायची. त्या क्षणाचं हसू खरं असतं, हे तिच्या बरोब्बर लक्षात आलं होतं. बाकीची मांडणी काकांची. "किल्ली वर धरा. अशी नाही, आडवी. छातीशी. नीट दिसू दे की, तीच तर आज आपली पाहुणी!" आणि हे सांगून झालं की रीतीप्रमाणे तोंड फिरवून उभे. फोटोखाली गिऱ्हाइकाचे चार शब्द. लोक खरे वाटावेत म्हणून सूनबाईने प्रत्येकाखाली गल्ली आणि इमारतही लिहिली.

दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं, "औषधांचं कपाट जिन्याखाली असल्याने काम अवघड होतं, पण काकांनी चहा होईपर्यंत संपवलं." नव्यानेच संसार थाटलेल्या जोडप्याने लिहिलं, "आम्ही दोघंही दिवसभर कामावर असतो. आता घराची काळजी मिटली." आणि पूर्वी टायपिंगचा क्लास घेणाऱ्या टायपिंगबाईंनी, अगदी त्यांच्या शिस्तीत, "मी एकटी राहते. रोज संध्याकाळी पुलापलीकडच्या शुश्रूषागृहात बहिणीला जेवू घालायला जाते ती अंधार पडल्यावरच परतते. पूर्वी सगळा जीव घरात अडकलेला असे. आता निर्धास्त आहे. पाच तारे." शेजारी बाईंचा हसरा फोटो, मोहरीच्या रंगाचा, हाताने विणलेला स्वेटर, छातीशी धरलेली चकचकीत किल्ली.

गल्लीतल्या आम्हा सगळ्यांना हे वाचून फार बरं वाटलं होतं. जो तो ते पान दुसऱ्याला दाखवत होता. त्यात जे लिहिलं होतं ते आम्ही सगळ्यांनी वाचलं आणि त्याचा अर्थ एकालाही कळला नाही.

पान लोकप्रिय झालं. कोण किती वेळ पाहतं हेसुद्धा सूनबाईला कळायचं. एकदा चहाला ती म्हणाली, "बाबा, काल एक माणूस दुपारभर आपल्या पानावर होता. सगळे फोटो मोठे करकरून बघितलेत त्याने."

"दुपारभर?" काका खूश झाले. "बिचाऱ्याला फारच आवडलेलं दिसतंय."

"फोन हातात धरून झोपला असेल," काकू म्हणाल्या.

"आजही आलाय," सूनबाई म्हणाली. तिच्या कपाळाला बारीकशी आठी पडली होती, पण तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती उठून गेली.

मग एक दिवस सकाळी तो माणूस दुकानात आला. तोच हा, हे अर्थात नंतर कळलं. तेव्हा तो फक्त एक सभ्य माणूस होता. इस्त्रीचा शर्ट. आपल्या आधी आलेल्या आजोबांना "तुमचं होऊ द्या" म्हणून तो बाजूला उभा राहिला, त्यांची पिशवी धरली. काकांच्या दुकानात जागा मुंगीला पुरेल एवढी, तरी उंबऱ्यावर बूट पुसून आत आला.

"काका, तुमच्या वेबसाइटवर वाचलं. लोक फार चांगलं लिहितात तुमच्याबद्दल."

"लोकांचा चांगुलपणा," काका म्हणाले आणि शीळ थांबवली. शीळ ते सहसा कुणासाठी थांबवत नसत.

त्याची अडचण साधी होती. आई दवाखान्यात. घराची किल्ली धावपळीत हरवली. आईचे कपडे, कागद सगळं घरात. नशिबाने किल्लीचा एक फोटो फोनमध्ये निघाला. त्यावरून होईल का?

"मी येतो ना, दार उघडून देतो. कुलूपच बदलून टाकू," काका म्हणाले.

"नको हो. आईचा जीव त्या दारात आहे. ओरखडा दिसला तरी घाबरेल. किल्लीनेच उघडायला हवं." आणि मग जरा थांबून, "जमत नसेल तर राहू दे. फोटोवरून करणं म्हणजे सगळ्यांचं काम नाही, कल्पना आहे मला."

बस्स. एवढं म्हटल्यावर काका बाजूला होतील हे शक्यच नव्हतं. फोटो त्यांनी आपल्या फोनवर मागवून घेतला, मोठा केला. चौकटभर किल्लीच दिसत होती, आडवी, स्वच्छ उजेडात धरलेली, एकेक खाच मोजून घ्यावी अशी. "वा," काका म्हणाले, "फोटो काढणाऱ्याने काय नेमका काढलाय." तो माणूस हसला.

काकांनी कोरी किल्ली पकडीत धरली आणि कानस चालवायला घेतली. इतकी सुंदर किल्ली आपल्या हातून कित्येक दिवसांत झाली नव्हती, असं त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं, आणि सांगताना डोळे मिटून घेतले. तो माणूस सगळा वेळ शांतपणे त्यांच्या हातांकडे पाहत उभा होता. घाई नाही, प्रश्न नाहीत. किल्ली झाल्यावर त्याने ती रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवली.

"लागली नाही तर मला फोन करा," काका म्हणाले. "माझी किल्ली न लागणं म्हणजे माझी बेअब्रू."

"नक्की करेन."

"आणि चार शब्द लिहा आमच्या पानावर."

"लिहीन ना. पण आधी लावून तर बघू दे."

काका यावर मनापासून हसले. दुपारी जेवायला घरी आले ते याच तोऱ्यात. फोटोवरून किल्ली! यंत्रावर किल्ल्या कापणाऱ्यांनी करून दाखवावी! सूनबाईलाही उत्साह आला. पानावर ही नवी गोष्ट टाकायलाच हवी. "त्या माणसाचा हसरा फोटो नाही घेतलात?" "अगं, घाईत होता बिचारा, आई आजारी." "बरं, निदान तो किल्लीचा फोटो द्या मला."

तिने तो लॅपटॉपवर उघडला. काकांच्या फोनवर जे टिचभर होतं ते आता हातभर झालं. किल्लीच्या मागे, कडेला, एक तपकिरी बटण अर्धं दिसत होतं. सूनबाईचा हात थांबला.

"बाबा, हे बटण बघा."

"बटणाचं काय?"

"लाल दोऱ्याने शिवलंय."

"मग?"

"हे मी पुसणार होते. फोटो नीटनेटका दिसावा म्हणून. त्या म्हणाल्या, असू दे, मी स्वतः शिवलंय." तिने दुसऱ्या बाजूला आपलंच पान उघडलं आणि खाली सरकवत नेलं. मोहरी रंगाचा स्वेटर. तपकिरी बटण. लाल दोरा. आणि तीच किल्ली, त्याच कोनात, टायपिंगबाईंच्या हसऱ्या चेहऱ्याखाली.

काकांनी दोन्ही चित्रांतल्या खाचा मोजल्या. मग उजव्या हाताची बोटं त्यांनी सदऱ्याला पुसली. पुन्हा पुसली. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं आणि नवऱ्याचा चेहरा पाहून तसंच मिटलं.

"पान बंद कर," काका म्हणाले. "आत्ता. सगळं."

सूनबाईने पान काढून टाकलं. बाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. काकांनी तोवर अवजारांची पिशवी उचलली होती आणि कोपऱ्यातलं एक नवं कुलूप तिच्यात टाकलं होतं. "स्कूटर काढ," ते म्हणाले. उन्हं कलायला लागली होती. बाईंची निघायची वेळ जवळ येत होती, आणि ती वेळ आता जगजाहीर होती.

टायपिंगबाई घरीच होत्या. त्यांचा टायपिंगचा क्लास बंद होऊन जमाना झाला, तरी रोज एक पान यंत्रावर बडवल्याशिवाय त्यांना दिवस पुरा झाल्यासारखा वाटत नसे, आणि बडवताना त्या फोन उचलत नसत. गल्लीतल्या निम्म्या लोकांची बोटं त्यांनी पट्टीने सरळ केली होती. दार उघडून त्यांनी काकांना आपादमस्तक न्याहाळलं.

"काय हो? पाच तारे दिले ना तुम्हाला? आता सहावा मागायला आलात?"

"बाई, कुलूप बदलायचंय."

"का? नवं तर आहे. उत्तम चालतंय."

"म्हणूनच," काका म्हणाले आणि दार आतून लावून घेऊन खाली बसले. स्क्रू फिरवायला लागले. पेचकस दोनदा सटकला आणि दारावर ओरखडा उठला. काकांच्या हातून ओरखडा! बाईंनी तो पाहिला आणि त्यांचा आवाज बदलला.

"सूनबाई, काय झालंय? सरळ सांग."

सूनबाईने सांगायला सुरुवात केली, पण काकांनी तिला हाताने थांबवलं. काम न थांबवता, दाराकडेच तोंड करून, त्यांनी सगळं सांगितलं. फोटो, बटण, सभ्य माणूस, रुमाल.

"म्हणजे माझ्या घराची किल्ली त्याला..."

"मीच करून दिली, बाई."

बाई खुर्चीत बसल्या. यंत्रात अर्धवट टाइप केलेला कागद होता, त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "आणि मी घरी कधी नसते ते मीच लिहून दिलं. सुवाच्य." मग थोड्या वेळाने, "चुका काढायची सवय लागलीय मला जन्माची. पण ही चूक मी वाचून पाठवली होती."

जुनं कुलूप निघालं, नवं बसलं. काकांनी शेवटचा स्क्रू आवळायला घेतला. सूनबाई पोलिसांशी फोनवर हळू आवाजात बोलत होती. बाहेर जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, जड नाहीत, हलकी नाहीत. एका मजल्यावर थांबली. पुन्हा वर आली. दाराशी थांबली.

बाईंची निघायची वेळ नुकतीच टळली होती.

आधी कुणीतरी हलकेच दारावर टकटक केली. सभ्यपणे. मग कुलपात किल्ली शिरली.

काकांचा हात कुलपावरच होता. दाराच्या त्या बाजूने आत येणारी किल्ली त्यांना बोटांना कळत होती. त्यांचीच किल्ली. गुळगुळीत, कुठे कणभर न अडणारी, आजवरची सर्वांत चांगली. ती शेवटपर्यंत आत गेली आणि फिरेना. बाहेरच्याने जोर लावला नाही. बाहेर काढली, पुन्हा घातली, थोडी मागे ओढून पुन्हा फिरवून पाहिली. किल्ली न लागल्यावर जाणता माणूस जे जे करतो ते सगळं तो न चिडता करत होता.

मग किल्ली निघाली. आणि काकांच्या खिशातला फोन वाजू लागला.

ती घंटी काकूंनी लावून दिलेली होती, नवऱ्याला ऐकू यावी म्हणून चांगली खणखणीत. बंद खोलीत ती दारावर आपटली, भिंतींवर आपटली. काकांना फोन बंद करायचं सुचलं नाही. दाराच्या पलीकडे, दोन बोटं जाडीच्या लाकडाच्या पलीकडे, तो माणूस कानाला फोन लावून उभा होता आणि घंटी त्याला दोन्ही कानांनी ऐकू येत होती.

फोन त्यानेच कापला. मग दारातून, अगदी जवळून, आवाज आला, "असू दे, काका."

पावलं जिना उतरून गेली. पळत नाही. एकेक पायरी.

सूनबाई खिडकीशी धावली, पण तिला रस्त्यात फक्त माणसांची डोकी दिसली, आणि त्यांतलं एकही घाईत नव्हतं.

पोलीस आले, त्यांनी दार पाहिलं, किल्लीचा फोटो घेतला. फोनचा नंबर लावून बघितला तर तो बंद झाला होता. "दिसायला कसा होता?" असं त्यांनी काकांना विचारलं. काकांनी खूप प्रयत्न केला. कपाळावर हात दाबून धरला. "इस्त्रीचा शर्ट होता," ते म्हणाले, "आणि... सभ्य होता." पोलिसांनी सूनबाईकडे पाहिलं, सूनबाईने मान खाली घातली. बाकीच्या गिऱ्हाइकांना सावध करा, असं सांगून ते गेले. ते सांगायची गरज नव्हती. सूनबाई एकेकाला फोन लावतच होती. दातांच्या डॉक्टरांनी उचलला. ते नवं जोडपं उचलत नव्हतं.

बाहेर उजेड मंद झाला. टायपिंगबाई उठल्या आणि त्यांनी स्वेटर चढवला.

"कुठे निघालात?" सूनबाईने फोन कानावरून खाली घेतला.

"रोज जाते तिथेच."

"आज नका ना जाऊ, मावशी."

"बहीण माझ्याच हातून जेवते गं. मी गेले नाही तर उपाशी झोपते आणि कुणाला बोलतही नाही." बाईंनी डबा पिशवीत ठेवला, मग काकांकडे वळल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, काका म्हणतात. "कुलूप तुम्ही बदललंत. उत्तम बसवलंत. पण मी एकटी असते, कुठल्या पुलावरून जाते, कुठे जाते, अंधारात परत येते, हे सगळं त्याला पाठ झालंय. ते कसं बदलायचं?"

जन्मभर काकांनी लोकांना एकच उत्तर दिलं होतं, आणि ते बसवून झालं होतं. त्यांनी अवजारांची पिशवी खांद्याला लावली, त्यातली मोठी हातोडी वर काढून ठेवली आणि म्हणाले, "चला. मी येतो. आज येतो, उद्याही येतो."

"आणि परवा?"

"परवाही."

"दुकान?"

"दुकान राहील तिथेच."

बाईंनी दार ओढलं, कुलूप लावलं. जिन्यातला दिवा लागला नाही. त्यांनी बटण खालीवर करून पाहिलं. "सकाळी लागत होता," त्या म्हणाल्या. खालच्या मजल्यावरचाही लागला नाही. काका पुढे झाले. एक हात भिंतीवर ठेवून, एकेक पायरी चाचपत, दर वळणावर थांबून ते कान देऊन ऐकत होते. मागे बाई, त्यांच्या मागे सूनबाई, तिने त्या जोडप्याला लावलेला फोन अजून नुसता वाजतच होता.

तिसऱ्या वळणावर काका जरा जास्तच वेळ थांबले.

"काका, थांबू नका," बाई हळूच म्हणाल्या. "तिची जेवायची वेळ झालीय."